धावपटू किनुए हितोमी : एक स्मरण

आमच्या वसतिगृहाचा दिवस अंधारात सुरू होतो. पावसाळा सरला की पहाटेच मुलेमुली जांभ्याच्या कातळाशेजारच्या मैदानावर उतरतात. कातळावरचे गवत अजून ओले असते आणि हातखंबा तिठ्यावरून रत्नागिरीकडे, कोल्हापूरकडे व गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे दुरून दिसत असतात. मैदानाच्या कडेने फेऱ्या मारणाऱ्या मुलींकडे पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. पाचवी-सहावीत मुलगे आणि मुली सारख्याच संख्येने धावतात. आठवीनंतर मुलींची संख्या रोडावू लागते. कुणाच्या घरून निरोप येतो की आता पुरे, कुणाला शेजारपाजारचे बोलणे लागते, कुणाला वाटते की एवढे धावणे मुलीच्या जातीला मानवत नाही.

हा समज कोकणातला नाही, भारतातलाही नाही. तो जगभर होता आणि तो खरा आहे असे दाखवण्यासाठी जगाने एकदा चक्क खोट्या बातम्याही छापल्या होत्या. त्या बातम्यांचा आणि ज्या शर्यतीवरून त्या छापल्या गेल्या तिचा इतिहास सांगायचा, तर एका जपानी शेतकरी कन्येचे चरित्र सांगावे लागते. तिचे नाव किनुए हितोमी. ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारी ती आशियातील पहिली स्त्री. आज मॅरेथॉनमध्ये पळणाऱ्या आशियाई मुली ज्या वाटेने जातात, त्या वाटेवरचे पहिले पाऊल तिचे होते. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे, विशेषतः पालकांपुढे, हे चरित्र ठेवावे असे आम्हांस वाटले.

जन्म आणि शिक्षण

किनुए हितोमी यांचा जन्म 1 जानेवारी 1907 रोजी जपानच्या ओकायामा प्रांतातील फुकुहामा या गावी झाला. आज ते गाव ओकायामा शहरातच सामावले आहे. त्या वेळी मात्र तो शेतीवर जगणारा मुलूख होता आणि हितोमी कुटुंबही शेतकऱ्याचेच होते. मुलींनी प्राथमिक शाळेपलीकडे शिकावे असा आग्रह धरणारी घरे त्या काळी जपानच्या खेड्यांत फार नव्हती. किनुए यांना मात्र ओकायामाच्या मुलींच्या माध्यमिक शाळेत जाता आले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा तेथेच ठरली.

शाळेत त्या प्रथम टेनिसकडे वळल्या. अंगापिंडाने त्या उंच होत्या. वयात आल्यावर त्यांची उंची जवळपास 170 सेंटिमीटर भरली. त्या काळच्या जपानी मुलींत ही उंची उठून दिसणारी होती. उन्हात रापलेला रंग, लांब पावले आणि मैदानावरचा मोकळा वावर यांमुळे त्या शिक्षकांच्या नजरेत भरल्या, तशाच लोकांच्या जिभेवरही आल्या. 1923 साली प्रांतिक मैदानी स्पर्धेत त्यांनी लांब उडीत 4.67 मीटर अंतर तोडले. जपानमध्ये तोवर कुठल्याही स्त्रीने एवढी उडी मारली नव्हती. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या.

या उडीनंतर त्यांच्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर टोकियोत मिळाले. निकाइदो तोकुयो या बाईंनी इंग्लंडमध्ये शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करून आल्यावर 1922 मध्ये मुलींसाठी व्यायामशिक्षणाची एक छोटी निवासी संस्था काढली होती. मुलींच्या शरीराला शिस्तबद्ध शिक्षण मिळाले पाहिजे आणि ते देणाऱ्या शिक्षिका स्त्रियाच असल्या पाहिजेत, असा बाईंचा विचार होता. 1924 मध्ये किनुए या संस्थेत दाखल झाल्या. घर दूर, सोबतच्या मुली वेगवेगळ्या प्रांतांतल्या, दिवस पहाटेपासून ठरलेला. वसतिगृहात राहिलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना हे जीवन वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. स्पर्धा आणि विक्रम यांविषयी बाईंना प्रारंभी फारसे प्रेम नव्हते. शरीर निरोगी व्हावे, एवढाच त्यांचा हेतू होता. पण या विद्यार्थिनीच्या अंगची शक्ती पाहून त्यांनी आपले मत बदलले. पुढे हीच संस्था स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय बनली आणि ते महाविद्यालय आजही चालू आहे.

शिक्षण पुरे झाल्यावर किनुए यांनी काही काळ क्योटोतील मुलींच्या शाळेत शिकवले. 1926 मध्ये त्या ओसाका येथील माइनिची या मोठ्या वृत्तपत्रात रुजू झाल्या. दिवसा बातमीदारी आणि उरलेल्या वेळात सराव असा त्यांचा क्रम सुरू झाला. खेळावर पोट भरण्याची सोय त्या काळी कुठल्याच स्त्रीला नव्हती. नोकरी करून, लेख लिहून, पुढे पुस्तके लिहून त्यांनी आपला खेळ सांभाळला.

एकटीचा संघ

त्याच वर्षी त्यांना युरोपचे बोलावणे आले. त्यामागची हकीकत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे.

आधुनिक ऑलिम्पिकचे जनक पिएर द कुबर्तँ यांना स्त्रियांचा सहभाग मान्य नव्हता. 1896 मध्ये अथेन्सला पहिले ऑलिम्पिक भरले, तेव्हा स्तामाता रेविथी नावाची एक गरीब ग्रीक आई मॅरेथॉनमध्ये धावण्यासाठी आली होती. तिला शर्यतीत घेतले गेले नाही. दुसऱ्या दिवशी तिने एकटीने ते अंतर पार केले, पण स्टेडियममध्ये तिला प्रवेश मिळाला नाही. त्यानंतर टेनिस, पोहणे अशा काही खेळांत स्त्रियांना जागा मिळाली. धावण्याच्या मैदानाचे दार मात्र बंदच राहिले. तेव्हा आलिस मिलिआ या फ्रेंच बाईंनी 1921 मध्ये स्त्रियांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटना उभी केली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला स्त्रियांच्या जागतिक स्पर्धा भरवल्या. दार उघडत नाही म्हटल्यावर त्यांनी आपले घरच वेगळे बांधले. या स्पर्धांना मिळालेल्या प्रतिसादामुळे ऑलिम्पिक समितीलाही पुढे नमते घ्यावे लागले.

या जागतिक स्पर्धांचे दुसरे अधिवेशन 1926 च्या ऑगस्टमध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरी झाले. जपानतर्फे एकच खेळाडू गेली, ती किनुए हितोमी. सैबेरियातून जाणाऱ्या रेल्वेने दिवसच्या दिवस प्रवास करून एकोणीस वर्षांची ही मुलगी मॉस्कोमार्गे युरोपात पोहोचली. तिच्यासाठी टाळ्या वाजवणारी सवंगडी त्या मैदानावर एकही नव्हती. तरीही लांब उडीत 5.50 मीटरचा जागतिक विक्रम करून तिने पहिला क्रमांक पटकावला. जागेवरून मारायच्या लांब उडीतही ती पहिली आली, थाळीफेकीत दुसरी आणि 100 यार्डांच्या शर्यतीत तिसरी. वैयक्तिक गुणांत ती सर्व खेळाडूंच्या पुढे होती आणि मिलिआबाईंच्या हस्ते तिचा खास सन्मान झाला. ज्या खंडातून कुणी येईल अशी अपेक्षाही नव्हती, तेथून आलेल्या एकाच मुलीने एका अख्ख्या संघाचे काम केले होते.

मायदेशी कौतुक झाले, तशी टीकाही झाली. मांड्या उघड्या टाकून पुरुषांसमोर धावणारी मुलगी जपानी संस्कृतीला शोभत नाही, असे म्हणणारे होते. तिच्या उंचीवरून आणि बांध्यावरून ही खरोखर स्त्री आहे काय, असली हीन चर्चा करणारेही होते. स्त्रीने चाकोरीबाहेर पाऊल टाकले की प्रथम तिच्या अब्रूवर आणि मग तिच्या देहावर बोट ठेवायचे, ही रीत सगळीकडे सारखीच. किनुए यांनी त्यावर वाद घालण्यात वेळ दवडला नाही. त्यांनी सराव चालू ठेवला. 1928 च्या मे महिन्यात त्यांनी लांब उडी 5.98 मीटरवर नेली. हा जागतिक विक्रम पुढे अकरा वर्षे टिकला.

दोन ऑगस्ट 1928

1928 चे ऑलिम्पिक हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम येथे भरले. भारतीय वाचकांना हे नाव परिचित आहे, कारण याच ऑलिम्पिकात मे महिन्यात जयपालसिंग मुंडा यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संघाने हॉकीचे पहिले सुवर्णपदक आणले. याच ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना प्रथमच मैदानी स्पर्धांत प्रवेश मिळाला. तोही हात आखडता घेऊनच : 100 मीटर, 800 मीटर, 4 गुणिले 100 मीटर रिले, उंच उडी आणि थाळीफेक असे पाचच प्रकार. हे एका वर्षापूर्वीचे महाड आठवणाऱ्या आपल्या लोकांना चटकन उमगेल. हक्क मान्य होणे आणि तो प्रत्यक्ष बजावता येणे यांत बरेच अंतर असते.

जपानच्या संघात किनुए हितोमी या एकट्याच स्त्री होत्या. त्यांची लांब उडी स्त्रियांच्या कार्यक्रमात नव्हतीच. म्हणून सगळी आशा 100 मीटरवर होती. पहिली फेरी त्यांनी जिंकली, पण उपांत्य फेरीत त्या चौथ्या आल्या आणि बाद झाल्या. देशाने केलेला खर्च, वृत्तपत्राने दिलेली रजा आणि घरी टपून बसलेले टीकाकार हे सारे त्या रात्री त्यांच्या डोळ्यांपुढे आले असणार. रिकाम्या हाताने परत जायचे नाही असे त्यांनी ठरवले आणि 800 मीटर धावण्याची परवानगी मागितली. हे अंतर त्या आजवर स्पर्धेत कधीच धावल्या नव्हत्या. त्या होत्या वेगाच्या आणि उडीच्या खेळाडू. स्त्रियांसाठी त्या काळी 800 मीटर म्हणजे लांब पल्ला होता आणि त्यासाठी दम वेगळा लागतो, सराव वेगळा लागतो. सोबतच्या मंडळींनी साहजिकच का-कू केली. शेवटी परवानगी मिळाली. 1 ऑगस्टच्या प्राथमिक फेरीतून त्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

2 ऑगस्ट 1928 रोजी अंतिम शर्यतीला नऊ जणी उभ्या राहिल्या. त्यांत जर्मनीच्या लिना राडके होत्या. या अंतराचा जागतिक विक्रम, 2 मिनिटे 19.6 सेकंद, त्यांच्याच नावावर होता. स्वीडनच्या इंगा गेन्त्झेल आणि कॅनडाच्या जीन थॉम्प्सन व बॉबी रोझेनफेल्ड याही होत्या. दोन फेऱ्यांची ही शर्यत. पहिल्या फेरीत किनुए मागे राहिल्या. दुसऱ्या फेरीत त्या एकेकीला ओलांडत पुढे सरकू लागल्या. पाय जड झाले तेव्हा त्यांनी हात जोराने हलवायला सुरुवात केली. हात चालले की पाय मागून येतात, हे धावणाऱ्याला अनुभवाने कळते. अखेरच्या सरळ पट्ट्यात गेन्त्झेल मागे पडल्या. पुढे फक्त राडके उरल्या आणि त्या हाती लागल्या नाहीत. राडके यांची वेळ 2 मिनिटे 16.8 सेकंद, हितोमी यांची 2 मिनिटे 17.6 सेकंद. पहिल्या तिघींनीही जुना जागतिक विक्रम मागे टाकला होता. रेषा ओलांडताच हितोमी यांची शुद्ध हरपली आणि त्या खाली कोसळल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा त्या ऑलिम्पिक पदक मिळवणाऱ्या आशियातील पहिल्या स्त्री झाल्या होत्या. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, त्यांचे देशबांधव मिकिओ ओडा यांनी तिहेरी उडीत सुवर्णपदक मिळवले.

एका खोट्या बातमीची किंमत

येथे या चरित्रात एक विचित्र वळण येते. ते नीट समजून घेतले पाहिजे.

नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. हे नोंदीवरून सिद्ध आहे. जगातल्या सर्वोत्तम धावपटू सर्वस्व पणाला लावून धावल्या म्हणजे शेवटी काही जणी गवतावर बसतात, काही आडव्या होतात. पुरुषांच्या शर्यतींनंतरही हेच घडत आले आहे आणि त्याला पराक्रम म्हणण्याची प्रथा आहे. पण दुसऱ्या दिवसापासून युरोप-अमेरिकेच्या वृत्तपत्रांत निराळेच चित्र रंगवले गेले. कुणी लिहिले की अकरा बायका धावल्या. कुणी लिहिले की त्यांतल्या पाच जणींनी मध्येच शर्यत सोडली आणि उरलेल्यांपैकी बहुतेक बेशुद्ध पडल्या. डॉक्टरांची मते आली, समाजधुरीणांची आली. अशाने स्त्रिया अकाली म्हाताऱ्या होतील, त्यांच्या मातृत्वाला धोका पोहोचेल, असे सांगितले गेले. ज्यांनी हे लिहिले त्यांतल्या कित्येकांनी शर्यत पाहिलीही नसावी.

या बातम्यांचा परिणाम ताबडतोब झाला. स्त्रियांची 800 मीटर शर्यत ऑलिम्पिकमधून काढून टाकण्यात आली. 1932 मध्ये ती नव्हती. 1936 मध्ये नव्हती. 1948 मध्ये 200 मीटर शर्यत आली, तेवढीच काय ती प्रगती. 1952 मध्ये हेलसिंकीला मेरी डिसूझा आणि नीलिमा घोष या भारताच्या पहिल्या महिला धावपटू ऑलिम्पिकमध्ये उतरल्या. यांतल्या मेरी मुंबईच्या वांद्र्याच्या. त्यांना उपलब्ध असलेली सर्वांत लांब शर्यत 200 मीटरची होती. आपल्या मुलींना किती दूर धावता येईल, याची मर्यादा चोवीस वर्षांपूर्वी छापलेल्या एका असत्याने ठरवून ठेवली होती. बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी 1920 मध्ये अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पूर्ण केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. म्हणजे आपल्या मातीतल्या पुरुषाला ती वाट 1920 मध्येच खुली झाली होती. स्त्रीला ती खुली व्हायला आणखी चौसष्ट वर्षे लागली.

800 मीटर परत आली ती 1960 मध्ये, रोमला. बत्तीस वर्षांनी. 1500 मीटर 1972 मध्ये आली. 1966 मध्ये बॉबी गिब या अमेरिकन तरुणीला बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये झुडपांआड लपून बसून मग गर्दीत मिसळून धावावे लागले. स्त्रियांची ऑलिम्पिक मॅरेथॉन 1984 मध्ये लॉस एंजलिसला प्रथम झाली आणि 10,000 मीटर 1988 मध्ये. हा सारा कालपट डोळ्यांपुढे ठेवला की किनुए हितोमी यांच्या त्या सव्वादोन मिनिटांचे मोल कळते. त्या शर्यतीने स्त्री लांब धावू शकते याचा पुरावा दिला. तो पुरावा जगाने दडपला. पण दडपलेला पुरावा नाहीसा होत नाही, तो नोंदीत राहतो आणि वेळ आली की साक्ष देतो.

शेवटची तीन वर्षे

हितोमी यांना आपल्या पदकावर समाधान मानून बसता आले असते. त्यांनी तसे केले नाही. आपण एकट्याच येतो आणि एकट्याच जातो, ही खंत त्यांना होती. पुढच्या वेळी सोबत मुली असल्या पाहिजेत असे त्यांनी मनाशी धरले. 1930 च्या सप्टेंबरमध्ये प्राग येथे स्त्रियांच्या तिसऱ्या जागतिक स्पर्धा व्हायच्या होत्या. संघ न्यायचा तर पैसा हवा. हितोमी गावोगाव फिरल्या, व्याख्याने दिली, मुलींच्या शाळांतून लहान लहान वर्गणी गोळा केली. विद्यार्थिनींच्या खाऊच्या पैशांतून तो संघ उभा राहिला. स्वतः धरून सहा जणी प्रागला गेल्या. कर्णधार, मार्गदर्शक, व्यवस्थापक आणि मोठी बहीण अशी सारी कामे त्यांच्याकडेच होती.

प्रागमध्ये त्यांनी लांब उडीत 5.90 मीटरसह सुवर्णपदक मिळवले. त्रिविध स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या, 60 मीटर धावणे आणि भालाफेक यांत तिसऱ्या. त्यानंतर घरी न परतता हा चमू पोलंड, जर्मनी, बेल्जियम आणि फ्रान्स या देशांशी सामने खेळत फिरला. प्रवास, सामने आणि सोबतच्या मुलींची काळजी यांत त्यांना उसंत मिळाली नाही. दुखणे अंगावर काढणे हा जणू त्यांचा स्वभावच बनला होता.

समुद्रमार्गे मायदेशी परतल्यावर विश्रांती मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. निकाल अपेक्षेइतके चांगले नाहीत अशी नाराजी त्यांच्या कानांवर आली. ज्यांनी वर्गणी दिली त्यांचे आभार मानले पाहिजेत, म्हणून त्या पुन्हा गावोगाव हिंडू लागल्या. कचेरीतले काम, भाषणे, लेखन हे सारे चालूच होते. 1931 च्या वसंतात त्यांना रक्ताची उलटी झाली आणि त्यांना ओसाका येथील रुग्णालयात दाखल करण्यात आले. फुप्फुसांच्या विकाराने त्यांना ग्रासले होते. काही महिने त्या आजाराशी झगडल्या. 2 ऑगस्ट 1931 रोजी त्यांचे निधन झाले. ॲम्स्टरडॅमच्या शर्यतीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे पूर्ण होत होती. त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

या मृत्यूचा अर्थ लावताना आम्हांस सावध राहावेसे वाटते. धावल्यामुळे त्या गेल्या, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही कुणी म्हणेल. तसे म्हणणे म्हणजे ॲम्स्टरडॅमच्या खोट्या बातमीचीच री ओढणे होय. लिना राडके त्याच शर्यतीत त्यांच्या पुढे धावल्या आणि 1983 पर्यंत जगल्या. हितोमी यांना शर्यतीने मारले नाही. जे ओझे संस्थांनी, संघटनांनी, समाजाने वाटून घ्यायचे, ते सगळे एका तरुण मुलीच्या खांद्यावर पडले. पैसा तिनेच जमवायचा, संघ तिनेच न्यायचा, जिंकायचेही तिनेच आणि जिंकले नाही तर माफीही तिनेच मागायची. दमल्यावर थांब म्हणणारे कुणी तिच्याजवळ नव्हते. शाळा चालवणाऱ्यांनी आणि मुली वाढवणाऱ्यांनी या चरित्रातून घ्यायचा धडा आहे तो हा. मुलीला धावू द्यावे आणि तिला निजूही द्यावे. तिच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे तिच्या पाठीवर बसणे नव्हे.

मागून आलेल्या

प्राग शहरातील ओल्शानी स्मशानभूमीत हितोमी यांच्या स्मरणार्थ एक शिला उभारण्यात आली. ज्या शहरात ही परदेशी मुलगी मोजके दिवस राहिली, तेथील लोकांना तिला विसरावेसे वाटले नाही.

जपानच्या स्त्रियांना मैदानी स्पर्धांत ऑलिम्पिकचे दुसरे पदक मिळायला चौसष्ट वर्षे जावी लागली. 1992 मध्ये बार्सिलोनाच्या मॅरेथॉनमध्ये युको आरिमोरी दुसऱ्या आल्या. सुवर्ण त्यांच्यापासून अवघ्या आठ सेकंदांवर राहिले. आरिमोरीही ओकायामाच्याच. बार्सिलोनात ती 1 ऑगस्टची संध्याकाळ होती, पण ओकायामात तोवर 2 ऑगस्ट उजाडला होता. हितोमी यांच्या शर्यतीचा आणि त्यांच्या मृत्यूचाही तोच दिवस. योगायोगाला आम्ही चमत्कार म्हणत नाही. तरीही आठशे मीटरवर अडवलेली वाट त्याच गावच्या मुलीने बेचाळीस किलोमीटरपर्यंत नेली, ही गोष्ट मनाला स्पर्शून जाते. पुढे 2000 मध्ये नाओको ताकाहाशी आणि 2004 मध्ये मिझुकी नोगुची यांनी मॅरेथॉनचे सुवर्णही जपानला मिळवून दिले.

आपल्या महाराष्ट्रातही ही वाट आता रिकामी नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचे कांस्यपदक मिळवले आणि 2016 मध्ये त्या रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावल्या. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी त्याच रिओत 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली आणि त्या दहाव्या आल्या. दोघीही खेड्यातल्या. गावच्या पायवाटाच त्यांचे पहिले मैदान होत्या.

आमच्या मैदानाला धावपट्टी नाही. पावसात ते चिखलाने भरते आणि उन्हाळ्यात जांभा तापतो. फुकुहामाच्या शेतातही धावपट्टी नव्हती. तेथे एक मुलगी होती, तिला शाळेत पाठवणारे घर होते आणि तिच्या उंचीला न हसता तिला उडी मारायला लावणारे शिक्षक होते. एवढे तर आपल्यालाही जमण्यासारखे आहे. पालकांना आमची विनंती आहे की आठवीनंतर मुलीचे बूट घरी ठेवून घेण्यापूर्वी त्यांनी या चरित्राची एकदा आठवण करावी. आणि माजी विद्यार्थिनींना सांगणे आहे की त्यांनी कधी सुटीत शाळेकडे वळावे, पहाटे मैदानावर यावे आणि मुलींसोबत एक फेरी मारावी. एकटीने धावणाऱ्या मुलीला सोबत किती मोलाची असते, हे किनुए हितोमी यांच्या आयुष्याने आपल्याला शिकवले आहे.